नगरकर : एका स्थलवाचक आडनावाचा उगम आणि विस्तार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आडनावांचे कुलवाचक, वृत्तिवाचक आणि स्थलवाचक असे तीन मोठे वर्ग सामान्यतः मानले जातात. त्यांपैकी तिसरा वर्ग दिसायला सर्वांत सोपा आणि उलगडायला सर्वांत अवघड आहे. शिंदे, पवार, गायकवाड किंवा थोरात यांसारखे कुलवाचक आडनाव रक्तसंबंधाचा खरा किंवा मानलेला धागा सांगते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, पोतदार यांसारखे वृत्तिवाचक आडनाव वतनाची, म्हणजे पिढीजात चालत आलेल्या अधिकाराची व त्याबरोबरच्या जमिनीची आणि हक्कांची आठवण ठेवते. आणि गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लागून बनलेले स्थलवाचक आडनाव, ते धारण करणाऱ्या घराण्याचा त्या गावाशी कधीकाळी संबंध होता, एवढेच सांगून थांबते. तो संबंध कोणत्या काळातला, किती पिढ्यांचा, कोणत्या जातीचा आणि कोणत्या प्रकारचा होता, याविषयी ते मौन पाळते. या मौनामुळेच स्थलवाचक आडनावाचा अभ्यास कुळाच्या इतिहासापेक्षा स्थलांतराच्या इतिहासाकडे अधिक झुकतो, आणि तो करताना वंशवृक्षाऐवजी नकाशा हाताशी घ्यावा लागतो.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, या शहरावरून पडलेले ‘नगरकर’ हे आडनाव अशा अभ्यासासाठी विशेष योग्य आहे. ज्या शहरावरून ते पडले त्याचा जन्म इतिहासात नेमका नोंदलेला आहे. ते एकाच जातीत किंवा एकाच व्यवसायात अडकलेले नाही. आणि त्याच जिल्ह्यातील नेवासकर, पारनेरकर, संगमनेरकर, पुणतांबेकर, जामखेडकर, भिंगारकर, राहुरीकर अशा भावंड-आडनावांशी त्याची तुलना करता येते. या तुलनेतून एक गोष्ट वारंवार समोर येते आणि प्रस्तुत विवेचनाचा सारा भर तिच्यावर आहे: स्थलवाचक आडनाव त्या स्थळी राहून मिळत नाही, ते स्थळ सोडल्यावर मिळते. नगरात सगळेच नगरचे असल्यामुळे तिथे कोणालाही नगरकर म्हणून वेगळे ओळखण्याची गरज पडत नाही. ती गरज पुण्याच्या पेठेत, इंदूरच्या दरबारात किंवा मुंबईच्या चाळीत निर्माण होते. म्हणून या आडनावाच्या विस्ताराचा नकाशा काढला, तर त्याच्या उगमस्थानी दाटी आढळण्याऐवजी विरळता आढळावी, ही अपेक्षा धरूनच अभ्यासाला आरंभ करावा लागतो.

मराठी वृत्तपत्रांत शहराच्या सर्व रहिवाशांना सरसकट ‘नगरकर’ म्हणण्याची रूढी आहे, जशी ‘पुणेकर’ आणि ‘मुंबईकर’ यांची आहे, आणि तीही याच तर्काला बळ देते. शहराच्या आत हा शब्द समूहाचा निर्देश करतो. शहराबाहेर तोच एका घराचा निर्देश करू लागतो. समूहवाचक विशेषण आणि घराण्याचे नाव या दोन अवस्थांमधील अंतर हे घर आणि गाव यांच्यातील अंतरच असते.

उगमाच्या काळाविषयी एक मर्यादा निश्चित सांगता येते. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि त्याच परिसरात १४९४ पासून स्वतःच्या नावाचे नवे शहर वसवण्यास प्रारंभ केला. त्याआधी या नावाचे शहरच नसल्यामुळे, या शहरावरून पडलेले ‘नगरकर’ हे नाव पंधराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचे असू शकत नाही. जिल्ह्यातील इतर गावांच्या बाबतीत अशी सोयीची रेषा ओढता येत नाही. प्रवरेकाठचे नेवासे ज्ञानेश्वरीच्या रचनेशी, म्हणजे शके १२१२ किंवा इसवी सन १२९० शी, जोडलेले आहे. गोदावरीकाठचे पुणतांबे चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. आणि ही गावे नगर शहराहून कितीतरी जुनी आहेत. तथापि गाव जुने म्हणून त्यावरून पडलेले आडनावही तितकेच जुने, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे आडनाव ही प्रथा सर्व थरांत रुजण्यास बराच काळ जावा लागला आणि तिला आजचा ताठरपणा मोजणी, शाळेचे दाखले, जनगणना आणि न्यायालयाचे कागद यांनी एकोणिसाव्या शतकात दिला. त्यापूर्वीच्या महजरांत, म्हणजे गोतसभेच्या निवाड्यांत, माणसाची ओळख पुष्कळदा स्वतःचे नाव, मग ‘बिन’ हा ‘अमक्याचा मुलगा’ अशा अर्थाचा अरबी शब्द, वडिलांचे नाव, हुद्दा आणि गाव, अशा क्रमाने दिलेली असते. या साखळीतील गाव हा शेवटचा दुवा ज्या घरांच्या बाबतीत सुटा होऊन कायमचा चिकटला, ती घरे स्थलवाचक आडनावाची झाली. ज्यांच्या बाबतीत हुद्दा चिकटला ती पाटील किंवा कुलकर्णी राहिली. आणि काहींनी दोन्ही सांभाळले, जसे लोणीच्या विखे घराण्याने कुळाच्या नावापुढे पाटीलकी जोडून घेतली.

शहराचे पूर्ण नाव अहमदनगर असूनही आडनाव ‘अहमदनगरकर’ असे न होता ‘नगरकर’ असे झाले, याचे कारण बोलीत शोधावे लागते. पारनेर, शेवगाव किंवा जामखेडचा शेतकरी बाजाराला नगरला जातो. त्याच्या तोंडी दुसरे नाव क्वचितच असते. आडनावे दरबारी कागदात जन्माला येत नाहीत, ती शेजाऱ्याच्या तोंडून जन्माला येतात, आणि म्हणून ती नेहमी बोलीतील रूपावर उभी असतात. दरबारी आणि विद्वत्परंपरेत मात्र पूर्ण नावाचा आधार घेतला गेला. फार्सी-अरबी परंपरेत माणसाच्या नावाला गावावरून ‘ई’कारान्त विशेषण लावण्याची पद्धत आहे, तिला निस्बत म्हणतात, शिराझचा तो शिराझी, इस्फहानचा तो इस्फहानी. अठराव्या शतकात शास्त्रीय परिभाषेचा ‘दस्तूर-उल-उलमा’ हा अरबी कोश रचणारे काझी अब्दुन्नबी हे विद्वानांत ‘अहमदनगरी’ म्हणूनच ओळखले जातात. एकाच शहराने एकाच काळात दोन भाषांत दोन स्थलवाचक नावे दिली, एक दूरच्या विद्वत्सभेसाठी आणि एक पुण्याच्या शेजाऱ्यासाठी. या दोन नावांचा एकत्र विचार केल्याशिवाय नगर शहराने आपल्या माणसांना दिलेल्या ओळखीचा इतिहास पुरा होत नाही. आडनावांची चर्चा बहुधा हिंदू जातींच्या चौकटीतच अडकून पडते, हे तिचे मोठे वैगुण्य आहे.

विस्ताराच्या दिशा राजकीय इतिहासाने ठरवल्या. मोगलांनी १६०० मध्ये नगरचा किल्ला घेतला आणि १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला. त्यानंतर नगर हे राजधानीचे शहर राहिले नाही, आणि राजधानीच्या आधारावर जगणाऱ्या लेखक, कारागीर व शिपाई यांच्या घरांना दुसरीकडे पाहावे लागले. किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांकडे आला, तेव्हा पुणे हे सत्तेचे केंद्र बनलेले होते, आणि नगरहून पुण्यापर्यंतचे अंतर काही मजलांचेच होते. कारकुनी, सावकारी, शिलेदारी, वैद्यकी, भिक्षुकी अशा नाना निमित्तांनी जी घरे पुण्यात येऊन राहिली, त्यांतील काहींना तिथल्या जुन्या रहिवाशांनी ‘नगरकर’ म्हटले. पुण्याच्या सदाशिव पेठेतील नगरकर तालीम ही या वस्तीची आजही ऐकू येणारी खूण आहे. दुसरी वाट नर्मदेपलीकडे गेली. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या फौजांबरोबर व दप्तरांबरोबर देशावरची शेकडो घरे ग्वाल्हेर, इंदूर, देवास आणि धार येथे स्थिरावली, आणि माळव्यात नेवासकर, पुणतांबेकर, पारनेरकर ही नावे मराठी मुलखाइतकीच परिचयाची झाली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात नेवासकर आडनावाचे न्यायमूर्ती होऊन गेले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात इतिहास शिकवणारे श्रीकृष्ण व्यंकटेश पुणतांबेकर आणि हिंदीत व्यंगलेखन करणारे, गुना जिल्ह्यात जन्मलेले शंकर पुणतांबेकर यांची नावे उत्तर हिंदुस्थानातील वाचकाला परिचित आहेत, जरी पुणतांबे हे राहाता तालुक्यातील एक गाव आहे, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातील गोशाळेचे काम पाहणारे वाय. एम. पारनेरकर हे आणखी एक उदाहरण.

तिसरी वाट मुंबईची. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर नगर हे इंग्रजी कलेक्टरचे ठाणे झाले. १८७५ मध्ये पारनेर आणि श्रीगोंदे तालुक्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांविरुद्ध उठाव केला. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळाने जिल्हा होरपळला. आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्याने नगर एकीकडे पुण्याशी व दुसरीकडे मनमाडमार्गे मुंबईशी जोडले गेले. या काळात बाहेर पडलेल्या माणसांच्या आडनावांत मात्र स्थलवाचक आडनावांची भर फारशी पडली नसावी, असे मानण्यास सबळ कारण आहे, कारण गिरणीच्या हजेरीपुस्तकात किंवा शाळेच्या पटावर नाव चढते तेव्हा आडनाव आधीच ठरलेले असते. थोरात नगरहून परळला गेला तरी तो थोरातच राहिला. अठराव्या शतकातील स्थलांतराने आडनावे निर्माण केली. एकोणिसाव्या शतकातील स्थलांतराने तयार आडनावे फक्त वाहून नेली. या दोन स्थलांतरांतील हा फरक ध्यानात न घेतल्यास नकाशावरील प्रत्येक ठिपक्याचा अर्थ चुकतो.

अंतराचा आणखी एक परिणाम नोंदवण्याजोगा आहे. भिंगार हे नगर शहराला जवळजवळ चिकटलेले गाव. तिथला माणूस नगरच्या बाजारपेठेत राहायला आला तर तो भिंगारकर होतो, कारण नगरच्या माणसाला भिंगार माहीत असते. तोच माणूस पुण्याला किंवा त्याहून दूर गेला, तर भिंगार हे नाव ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि मग जवळचे मोठे, सर्वांना ठाऊक असलेले नाव पुढे येते. अर्थात नगरकर म्हणवणारी सर्व घरे खुद्द शहरातून निघाली असतील असे समजता येत नाही. त्यांपैकी पुष्कळ शहराच्या भोवतालच्या खेड्यांतून, कदाचित परगण्याच्या सीमेवरच्या वाड्यांतूनही निघाली असतील. उलट चिचोंडी, जेऊर, टाकळी यांसारख्या गावांवरून पडलेले आडनाव जिथे आढळते, तिथे ते देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या मुलखाशी परिचित होते, असे अनुमान काढता येते. त्यातही टाकळी, पिंपळगाव, वडगाव ही नावे महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी पसरली आहेत की टाकळीकर या आडनावाला एकच उगम शोधणे व्यर्थ ठरते. कर्जतकर रायगडमधील कर्जतचा की नगर जिल्ह्यातील कर्जतचा, बेलापूरकर श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा की ठाण्याच्या खाडीकाठचा, अकोलकर अकोला शहराचा की सह्याद्रीच्या कुशीतील अकोले गावाचा, हे प्रश्न केवळ आडनावाकडे पाहून सुटत नाहीत. नगरकर या नावाला अशा अनेकोगमाचा धोका त्या मानाने कमी आहे, कारण मराठी बोलीत नुसते ‘नगर’ म्हटले की बहुतेकांच्या मनात एकच शहर उभे राहते.

जातीच्या प्रश्नाला येथे थोडा अधिक वेळ दिला पाहिजे, कारण आडनाव ऐकून जात ताडण्याची सवय मराठी समाजात खोलवर रुजली आहे आणि तिने आडनावांच्या अभ्यासाचे मोठे नुकसान केले आहे. नगरकर हे नाव या सवयीला दाद देत नाही. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्म परिषदेत, ज्या परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, तिथे मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मो समाजाच्या वतीने उपस्थित होते. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही कादंबरी १९७४ मध्ये मराठीत लिहून पुढे इंग्रजीत ‘ककोल्ड’सारखी कादंबरी लिहिणारे आणि तिच्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे किरण नगरकर हे त्यांचेच नातू. दुसरीकडे ‘रामनगरी’ या एकपात्री प्रयोगाने आणि त्याच नावाच्या आत्मकथनाने घराघरांत पोचलेले राम नगरकर यांनी आपल्या नाभिक घरातील जीवन मोकळेपणाने व प्रेमाने मांडले. शिकागोच्या व्यासपीठावरील प्रार्थनाशील सुधारक आणि रंगमंचावरील एकपात्री कलावंत यांना एकच आडनाव होते, आणि त्यांच्या घरांत रक्ताचा कोणताही संबंध मानण्याचे कारण नाही. कुलवाचक आडनावात हे असे घडले तर त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. स्थलवाचक आडनावात ते अपेक्षितच असते, कारण गावाचे नाव गावातील प्रत्येकाच्या मालकीचे असते.

यातून विवाहाच्या रूढीतही फरक पडतो. मराठा-कुणबी घराण्यांत कूळ आणि देवक, म्हणजे विवाहप्रसंगी पूजले जाणारे वृक्ष, पल्लव, प्राणी असे कुलचिन्ह, एक असल्यास सोयरीक होत नाही. ब्राह्मणांत हाच निर्बंध गोत्राचा असतो. दोन नगरकर घरांना मात्र आडनाव एक असल्याचा कोणताही अडसर नसतो. त्यांची गोत्रे, देवके व जाती पाहूनच प्रश्न ठरतो. त्याचप्रमाणे ज्या अर्थाने मराठीत कुलवृत्तांत लिहिले गेले, म्हणजे एका मूळ पुरुषापासून निघालेल्या सर्व शाखांची पिढीवार नोंद ज्या अर्थाने केली गेली, त्या अर्थाने नगरकरांचा कुलवृत्तांत लिहिता येणारच नाही. लिहिता येईल तो एका गावातून निघालेल्या अनेक वाटांचा वृत्तांत.

आडनाव आणि जात यांची सांगड किती फसवी असते, याचे जिल्ह्यातील उत्तम उदाहरण संतचरित्रकार महिपती यांचे आहे. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे हे कुलकर्णी घराणे, आडनाव कांबळे, काळ १७१५ ते १७९०, आणि वारकरी परंपरेत ओळख महिपतीबुवा ताहराबादकर. वृत्ती, कूळ आणि स्थळ या तिन्ही प्रकारची नावे एकाच माणसाभोवती उभी होती, आणि लोकांनी त्यांतून गावाचे नाव निवडले. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सूफी आणि भागवत अशा दोन्ही परंपरांशी नाते असलेले संतकवी. त्यांच्याही नावापुढे गाव लागले, आणि त्याने धर्माची सीमा ओलांडली.

स्थलवाचक नाव स्वतःहून निवडण्याची सर्वांत बोलकी परंपरा तमाशाच्या फडात आढळते. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळा भालेराव ही तमाशात पायात चाळ बांधून उभी राहणारी पहिली स्त्री मानली जाते. पठ्ठे बापूरावांच्या साथीने तिने जे नाव गाजवले ते पवळा हिवरगावकर. बापूराव हे स्वतः रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी वृत्तिवाचक आडनाव टाकले, तिने जन्माचे आडनाव मागे ठेवून गावाचे नाव पुढे केले. पुढे गुलाबबाई संगमनेरकर यांनी लावणीच्या अदाकारीत संगमनेरचे नाव महाराष्ट्रभर नेले, आणि कांताबाई सातारकर यांनी साताऱ्याचे नाव घेऊन आपला फड संगमनेरातून चालवला. या नावांचा विशेष असा की ती स्त्रियांनी धारण केली. मराठी समाजात आडनाव स्त्रीला बापाकडून मिळते आणि लग्नानंतर नवऱ्याकडून बदलते. तमाशातील कलावतीचे ‘कर’ मात्र तिच्या स्वतःच्या कीर्तीने कमावलेले असते. आडनावांच्या कोणत्याही जिल्हावार अभ्यासात या नावांना तळटीपेत ढकलणे अन्यायाचे होईल. ज्या गावाने या स्त्रियांना मानाचे स्थान दिले नाही, त्याच गावाचे नाव त्यांनी दिव्यांच्या उजेडात उभे राहून मोठे केले.

जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाची आडनावेही याच दृष्टीने पाहावी लागतात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणे केले, आणि पुढील शतकात जिल्ह्यात मोठा मराठी ख्रिस्ती समाज उभा राहिला. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज अमलाखाली धर्मांतराबरोबर डिसोजा, परेरा, फर्नांडिस अशी नवी आडनावे आली. नगरच्या प्रॉटेस्टंट परंपरेत मात्र जुनी आडनावे पुष्कळ अंशी तशीच राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी टिळकच राहिले. नगरला १९१८ मध्ये ख्रिस्ती घरात जन्मलेले चित्रपट अभिनेते शाहू मोडक यांचे आडनाव मोडकच होते. त्यामुळे नगर जिल्ह्यात आडनाव ऐकून धर्म सांगता येत नाही, जसा तो वसईत पुष्कळदा सांगता येतो, आणि चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्या या आडनावांच्या इतिहासाचे मोलाचे साधन ठरतात.

जगातील इतर आडनाव-परंपरांपैकी आयर्लंडची परंपरा तुलनेसाठी विशेष उपयोगी आहे. युरोपात वंशपरंपरागत आडनावे सर्वांत आधी रुजलेल्या देशांत आयर्लंडची गणना होते, आणि तिथली बहुसंख्य आडनावे ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज व ‘मॅक’ म्हणजे मुलगा या उपपदांनी बनलेली, म्हणजे संपूर्णपणे कुलवाचक आहेत. रॉबर्ट मॅथसन यांनी १८९० मधील जन्मनोंदींवरून आयरिश आडनावांचा जिल्हावार अहवाल तयार केला आणि विसाव्या शतकात एडवर्ड मॅक्लायसाट यांनी त्या अभ्यासाला विस्तृत रूप दिले. त्यांतून असे दिसते की आयरिश आडनाव शतकानुशतके आपल्या मूळ मुलखाला धरून राहते, जसे ओ’सलिव्हन हे कॉर्क आणि केरी या नैर्ऋत्येच्या परगण्यांत. तिथे नकाशावरील दाटी उगमाकडे बोट दाखवते. नगर जिल्ह्यातही कुलवाचक आडनावांना हा नियम बराचसा लागू पडतो. लोणी म्हटले की विखे आणि अकोल्याचा डोंगराळ भाग म्हटला की राघोजी भांगरे यांच्या घराण्याचे नाव आठवते. परंतु आयर्लंडमध्येच एक आडनाव असे आहे की जे नगरकराशी सख्खे नाते सांगते, आणि ते म्हणजे वॉल्श. त्याचा अर्थ वेल्सचा माणूस. बाराव्या शतकातील नॉर्मन स्वारीबरोबर वेल्समधून जे लोक आयर्लंडमध्ये उतरले त्यांना स्थानिकांनी हे नाव दिले, आयरिश भाषेत त्याचे ‘ब्रॅनख’ असे रूप झाले, आणि आज ते आयर्लंडमधील सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. त्याला एक मूळ पुरुष नाही, एक कूळ नाही, आणि त्याची दाटी वेल्समध्ये नसून आयर्लंडमध्ये आहे. वॉल्शच्या नकाशावरून वेल्स शोधायला निघालेला माणूस जसा भलत्याच बेटावर पोचेल, तसाच नगरकरांच्या दाटीवरून नगर शोधणारा पुण्यात पोचेल.

जिल्ह्याच्या नामांतराने या विषयाला एक अनपेक्षित जोड दिली आहे. ज्या अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्याला देण्यात आले त्यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चोंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. माहेरचे आडनाव कुलवाचक, सासरचे स्थलवाचक. नीरा नदीकाठच्या होळ गावी जन्मलेले त्यांचे सासरे मल्हारराव वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर खानदेशात तळोद्यास मामाच्या आश्रयाला गेले आणि होळकर म्हणून इतिहासाला ठाऊक झाले. गाव सोडल्यावर आडनाव मिळते या नियमाचे याहून ठसठशीत उदाहरण मराठी इतिहासात सापडणे कठीण. नगरकर हे आडनाव शहराच्या नावातील पहिल्या अर्ध्या भागावर कधीच अवलंबून नव्हते, त्यामुळे जुने नाव जाऊन नवे आले तरी त्यात एका अक्षराचाही फरक करावा लागला नाही.

साधनांविषयी शेवटी काही सांगणे अगत्याचे आहे. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या अहमदनगर खंडात जातवार वर्णने आहेत आणि त्यांत नेहमीच्या आडनावांचीही दखल घेतलेली आहे. पुण्यातील पेशवे दप्तरात इनाम, वतन आणि किल्ल्याच्या खर्चाचे कागद आहेत. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्या व्यवहाराचे आतून दर्शन घडवतो. या छापील व सरकारी साधनांइतकेच महत्त्व नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना आहे. यात्रेला आलेल्या यजमानाचे नाव, वडील-आजोबांची नावे, भावंडे, मुलगे आणि गाव यांची नोंद या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. त्या अनेकदा गावाच्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे, ज्या घराला आपले मूळ खेडे आठवत नाही आणि केवळ ‘नगर’ एवढेच माहीत आहे, त्याला स्वतःचे पान सापडणे कठीण जाते. अशा वेळी कुलदैवत वाट दाखवते. पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवी, कर्जत तालुक्यातील राशीनची देवी किंवा प्रवराकाठच्या कोल्हार भगवतीपूरची भगवती यांपैकी ज्या देवतेचा कुलाचार नगरकर घराण्यात इंदूरला किंवा मुंबईला राहूनही पाळला जातो, त्या देवतेच्या आसपासच्या गावांत त्या घराचा जुना ठाव लागण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, आणि म्हणून आडनावांच्या नोंदीबरोबर प्रत्येक घराचे कुलदैवत, गोत्र किंवा देवक, आणि आजी-पणजीच्या माहेरची गावे टिपून घेण्याची पद्धत पुढील प्रकरणांत सर्वत्र अवलंबिली आहे.